डावीकडे

मांडवात शिरायच्या आधीच
कापगतेकाकूंनी मला विहिरीपाशी गाठलं.
पदराआडून, हळू:
'भाऊ, मोठीले घेऊ नोको बरं शूटिंगमंदी.
सोयरे पायतीन, इचारतीन.'

मोठी म्हणजे हेमलता.
ओठाच्या कडेला, दोन्ही पंजांवर पांढरे डाग,
तांदळाच्या पिठात हात घालून
धुवायचे राहून गेल्यासारखे.

मी म्हटलं, बरं.
लोकांना वाटतं कॅमेरा दाखवतो.
बावीस वर्षं लाखांदूर तालुक्यात लग्नं लावतोय मी पडद्यावर,
अर्धी मजुरी झाकण्याचीच असते.

नवरदेव बुटका निघाला.
कॅमेरा गुडघ्याशी नेला, खालून धरला,
पाच फुटांचं पोरगं मोहाच्या झाडाएवढं झालं.
पंगतीत आलू-वांगं संपलं
तेव्हा ड्रोन उडवला.
वरून पंगत म्हणजे रांगोळी,
कुणाची पत्रावळ रिकामी ते दिसत नाही.
आंदणातल्या फ्रीजवर मात्र सावकाश झूम,
सांगितलं होतं तसं.

हेमलतेसाठी पॅन.
डावीकडे सरकत जायचं: मामा, मामी, आत्या, करवल्या,
आणि तिच्या अलीकडच्या माणसावर थांबायचं,
जणू तिथंच काही बघण्यासारखं आहे.
थांबण्यालाही एक आब लागतो.
घाई केली की चोरी कळते.

रात्री एडिटिंगला बसलो.
तिसऱ्या तासाला लक्षात आलं.
हळदीच्या क्लोजअपमध्ये करिश्माची बुबुळं डावीकडे.
अंतरपाटामागे, डावीकडे.
मंगळसूत्र गळ्यात पडताना
सगळा मांडव तिच्याकडे बघतोय
आणि ती फ्रेमच्या बाहेर, दोन हातांवर,
कुणाला तरी भुवईनं विचारतेय, नीट आहे ना?
बाहेरून उत्तर येत असावं,
कारण लगेच तिचा खांदा सैल होतो.

आठ तासांच्या फुटेजमध्ये
जिचा एक केस नाही
तिच्याभोवतीच सगळं लग्न फिरत होतं.
क्रॉप करून पाहिलं.
नजर कशी क्रॉप करणार?

एका ठिकाणी काठावर हात राहिला होता, सावळा-पांढरा,
नवरीच्या नाकावरचा घाम टिपून परत जाणारा.
सव्वा सेकंद.
कात्री त्याच्यावर नेली
तेवढ्यात लाईट गेली.
आली तेव्हा मला झोप लागली होती,
असं मी स्वतःला सांगतो.

पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह न्यायला हेमलताच आली.
तोंडाला गुंडाळलेली ओढणी न सोडता
उरलेले अठराशे मोजून दिले.
मग म्हणाली,
'भाऊ, नऊ डाव वळला तुमचा कॅमेरा
माह्याकडे येता येता.
मोजत होती मी.
एका डावाले तं हासून तयार बी झाली होती.'

मी पावती लिहीत राहिलो.
तारीख चुकली.

काउंटरवर एक छोटा पडदा आहे,
दुकानाच्या सीसीटीव्हीचा.
छताच्या कोपऱ्यातून बघतो तो,
आमदाराला, दूधवाल्याला, मला
सारखंच बुटकं करतो.
मान वळवता येत नाही त्याला,
आणि अजून कुणी विहिरीपाशी गाठलेलं नाही.

तिनं त्यात स्वतःला पाहिलं,
चपलेपासून भांगापर्यंत.
एक पाऊल उजवीकडे सरकली, मधोमध आली.
ओढणीची गाठ सोडली.
मग तिथंच उभी राहिली, बराच वेळ,
नऊ डाव मोजून होतील इतका.

गिऱ्हाईक आलं.
मी त्याला हातानंच
दाराबाहेर थांबवलं.